कॉर्कची मूठ दोन पावसाळ्यांत भुगा होऊ लागली. काठी टाकायची का?

खारेगावची_भटकी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

मी कळव्याजवळ खारेगावला राहते. वय ४६. ट्रेकची आवड उशिरा लागली आणि ती लागते न लागते तोच डावा गुडघा बोलायला लागला. माहुलीहून उतरताना शेवटचा तासभर मी दर पावलाला एकतर झाडाची फांदी धरत होते, नाहीतर मैत्रिणीचा खांदा. घरी आल्यावर दोन काठ्या घेतल्या. ॲल्युमिनियमच्या, लहानमोठ्या होणाऱ्या, कॉर्कच्या मुठीच्या. त्याच दुकानात फोमच्या मुठीची जोडी स्वस्त होती. तरी कॉर्कची घेतली, कारण हातात धरताक्षणी ती आपलीशी वाटली. शिवाय विक्रेत्याने सांगितलं की ही झाडाची साल असते, झाड न तोडता काढतात, तिला बुरशी लागत नाही, आयुष्यभर चालेल.

पहिलं वर्ष खरंच सुख होतं. मे महिन्यात कर्नाळ्याला तळहात घामाने भिजले तरी मूठ सुटली नाही. मैत्रिणीची फोमची मूठ मात्र पिळल्यावर पाणी गाळायची. काही महिन्यांनी तर कॉर्कवर माझ्या बोटांच्या जागा बसल्यासारख्या वाटायला लागल्या.

आता दोन पावसाळे झालेत. गेल्या जुलैत पेबहून भिजून आलो, घरी पाहुणे होते, काठ्या तशाच कापडी पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. गणपतीच्या मखराचं सामान काढायला माळा उघडला तेव्हा पिशवीला बंद ट्रंकेसारखा वास येत होता. दोन्ही मुठींवर, बोटांच्या खाचांमध्ये, काळे ठिपके. ते ओल्या फडक्याने बरेचसे गेले. पण उजव्या मुठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जो भाग येतो, तिथला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा निघाला आहे. कडेला नख लावलं की रव्यासारखे दाणे सुटतात. खड्ड्यात आतलं काळं प्लास्टिक दिसतं. डाव्या मुठीला यातलं काहीच नाही, नुसते ठिपके.

दुकानात घेऊन गेले. त्यांनी मूठ हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही. म्हणाले, सुटी मूठ येत नाही, नवी जोडी घ्या. काठीचे बाकी सगळे भाग ठणठणीत आहेत. मला ते फार लागलं. एका डाळीएवढ्या खड्ड्यासाठी चार हात ॲल्युमिनियम भंगारात?

तर प्रश्न असे. ही मूठ घरच्या घरी दुरुस्त होईल का? असा भुगा का झाला, आणि एकाच मुठीचा का? आणि लेक कॉलेजात पर्यावरण शिकते, ती विचारते, "आई, पोर्तुगालहून बोटीने आणलेली साल कसली गं पर्यावरणपूरक?" तिला काय सांगू?

घाटवेडा

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्याकडच्या पावसात फोमच बरा. पाणी पितो खरा, पण एका दुपारीत वाळतो आणि फाटला तरी त्याचा भुगा होत नाही. मी सहा वर्षं एकच फोमची जोडी वापरतोय. आणि नैसर्गिकच हवं असेल तर पायथ्याच्या गावातून बांबूची काठी घ्यावी. गावातल्या माणसाच्या हातात चार पैसे जातात. उतरताना ती अंगणात परत ठेवली की दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडते.

पंच_आणि_डाय

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत गॅस्केट कापायच्या कारखान्यात २६ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी कॉर्कच्या शीटवर. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल झाकणाच्या फटीतून गळू नये म्हणून जी गॅस्केट बसते, ती रबर आणि कॉर्क यांच्या मिश्रणाची. आमच्याकडे आरसी-७०सी म्हणून तिची ऑर्डर यायची. पंचिंग प्रेसमधून पडणाऱ्या गोल चकत्या मी घरी आणायचो आणि मुलं त्या कॅरमच्या सोंगट्या म्हणून वापरायची. संध्याकाळी भुवयांवर तपकिरी धूळ बसलेली असायची.

गॅस्केटमध्ये नुसतं रबर का नाही घालत, हे मला पहिल्या आठवड्यात आमच्या फोरमनने दोन तुकडे व्हाइसमध्ये धरून दाखवलं होतं. रबर दाबलं की बाजूला पळतं. कॉर्क दाबलं की जागच्या जागी बसतं, आणि सोडलं की परत वर येतं. बाटलीत बूच सरळ आत जातं ते याच गुणामुळे. याचं कारण त्याच्या पोटात आहे. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी पेशी, प्रत्येक बंद, आत वायू भरलेला, आणि भिंतींमध्ये सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ, जो पाणी आत येऊ देत नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचाच पातळ काप ठेवला होता. त्यात दिसलेल्या खोल्यांना त्याने 'सेल' म्हटलं. आपण शाळेत शिकलो ती पेशी ती हीच.

तुमच्या तळहाताला जे आपलंसं वाटलं तेही यातूनच येतं. लाखो छोट्या हवेच्या उशा आहेत त्या. उष्णता खेचून घेत नाहीत म्हणून मूठ थंडीत गार लागत नाही, उन्हात चटका देत नाही.

आता तुमच्या मुठीकडे येतो. घरात भिंग असेल तर ते घेऊन उजेडात नीट बघा. सलग कॉर्क असेल तर त्यावर तपकिरी रेघा आणि ठिपके एका दिशेने जाताना दिसतात. झाडाने श्वासासाठी ठेवलेल्या त्या वाटा. आणि दाणेदार दिसलं, एक दाणा फिका, शेजारचा गडद, तर तो भुगा बाइंडरने, म्हणजे डिंकासारख्या चिकट पदार्थाने, दाबून बसवलेला. तुमचे दाणे रव्यासारखे सुटतात म्हणजे दुसरा प्रकार, याबद्दल मला शंका नाही. काठ्यांच्या मुठी बहुतेक अशाच असतात, प्लास्टिकच्या गाभ्यावर काही मिलिमीटरचा थर.

त्याला राजगिऱ्याची चिक्की समजा. दाणा कॉर्कचा, गूळ बाइंडरचा. चिक्की मऊ पडली तर दोष राजगिऱ्याचा नसतो, गुळाचा असतो. तुमचंही कॉर्क कुजलेलं नाही. सुटलेला एखादा दाणा दोन नखांमध्ये दाबून बघा, अजून उसळी मारेल.

मग गूळ का सुटला, आणि एकाच मुठीचा का? इथे मला तुम्हाला विचारायचंय. ट्रेकला डासांचा स्प्रे लावता का? कोणत्या हाताने? बाटलीवर डीट किंवा डायइथाइल टोल्युअमाइड असं लिहिलंय का? तो पदार्थ काही जातीच्या प्लास्टिकला मऊ करतो. घड्याळाचे पट्टे, चष्म्याच्या काड्या, स्पँडेक्सचे कपडे त्याने खराब होतात. मुठीतला बाइंडर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि स्पँडेक्स त्याच घराण्यातलं.

काळे ठिपके हा वेगळा विषय आहे. बुरशी कॉर्कमध्ये शिरत नाही, पण वर साचलेल्या घामावर आणि मळावर मजेत वाढते. "बुरशी लागत नाही" हे विक्रेत्याचं बोलणं म्हणूनच अर्धंच खरं होतं. ओल्या पिशवीत दोन महिने कोंडली तर ती लागणारच.

लेकीच्या प्रश्नावर संध्याकाळी लिहितो, तो प्रश्न घाईत उरकण्यासारखा नाही.

घाटवेडा, तुमच्या बांबूबद्दल पूर्ण सहमत. माझीही पहिली काठी देहरीहून आणलेली होती. पण गुडघ्याच्या माणसाला उंची कमीजास्त करावी लागते, चढताना आखूड, उतरताना लांब. तिथे बांबू अडतो.

खारेगावची_भटकी

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि उठून सॅक उघडली. स्प्रेच्या बाटलीवर डीट लिहिलेलं आहे! मी तो उजव्या तळहातावर मारून घेते आणि मग मान, डावा हात, पोटऱ्या अशी चोळते. उजवा तळहात तसाच मुठीवर जातो. डावा तळहात मी स्प्रेने कधीच ओला करत नाही. दोन वर्षं हेच चाललंय आणि एकदाही लक्षात आलं नाही.

भिंगातून पाहिलं, दाणेच आहेत. आणि दाबलेला दाणा खरंच परत फुगला. लेकीनेही करून पाहिला.

बुचाचं_फूल

मला काठ्यांमधलं कळत नाही, पण 'बूच' शब्द वाचून आले. मंडळी, आपल्याकडे बुचाचं झाड आहे ना! माझं बालपण ठाण्यात नौपाड्यात गेलं. शाळेच्या वाटेवर एक उंच बूच होतं, दिवाळीच्या आसपास पहाटे खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असायचा. लांब दांड्याची फुलं, सुईदोरा न घेता नुसत्या दांड्या एकमेकींत गुंफून वेणी करायची आणि पहिल्या तासाला सगळा वर्ग त्या वासाने भरायचा. त्याची साल जाड, भेगाळ, बोटाने दाबली की दबणारी. आजी सांगायची की पूर्वी तिची बुचं करत, म्हणून हे नाव. मग पोर्तुगालहून कशाला आणायचं? इथल्या झाडाचं नाही का होणार?

पंच_आणि_डाय

ताई, तुमच्या आजी बरोबर सांगत होत्या. आपलं बूच म्हणजे मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस. त्याची साल कॉर्कच्या जागी वापरली गेलेली आहे, पण दुय्यम म्हणून. इंग्रजीतही त्याला इंडियन कॉर्क ट्री म्हणतात. मात्र खऱ्या कॉर्कचं झाड ओकच्या कुळातलं, क्वेर्कस सुबर, आणि या दोघांचं एकमेकांशी नातं नाही. ओकचा विशेष असा की बाहेरची जाड साल पूर्ण सोलली तरी आतला जिवंत थर नवी साल घालतो, आणि ती आधीपेक्षा गुळगुळीत, एकसारखी येते. आपल्या बुचाकडे ही देणगी नाही. कुणी हौसेने रस्त्यावरच्या बुचाची साल काढायला जाऊ नये, एवढी हात जोडून विनंती. तशीही वादळात त्याची फांदी आधी मोडते. आणि शहरातल्या झाडाला परवानगीशिवाय इजा करणं १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

आता लेकीचा प्रश्न. तिला आधी शाबासकी द्या.

हे ओक भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या देशांत वाढतात. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, थोडे इटली आणि फ्रान्समध्ये. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. रोप लावल्यापासून पहिली साल निघायला सुमारे २५ वर्षं लागतात आणि ती खडबडीत असते, बाटलीच्या बुचाला चालत नाही. त्यानंतर कायद्याने किमान ९ वर्षं थांबायचं. दुसरी सालही चांगल्या बुचाला पुरेशी नसते. तिसरी चालते. म्हणजे २५, मग ९, मग आणखी ९. लावणारा माणूस चाळिशी ओलांडतो तेव्हा कुठे बाटलीला बूच मिळतं. झाड दोनशे वर्षांहून जास्तही जगू शकतं. आगुआस दे मौरा नावाच्या गावात १७८३ मध्ये लावलेला एक ओक आहे, त्याची साल १८२० पासून वीसपेक्षा जास्त वेळा काढली गेली. २०१८ मध्ये तो युरोपातलं त्या वर्षीचं झाड म्हणून निवडून आला.

साल काढायचं काम उन्हाळ्यात चालतं, साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, कारण तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं आणि साल आतून सुटते. यंत्राने नाही, कुऱ्हाडीने, हाताने. कुऱ्हाडीची धार सालीपुरतीच आत जायला हवी. केसभर जास्त गेली तर आतला थर जखमी होतो आणि तिथे पुढे साल नीट येत नाही. मी कारखान्यात डाय बसवायचो, तिथेही खेळ पाव मिलिमीटरचा असायचा, पण माझ्या चुकीने फार तर एक शीट वाया जायचं. त्या माणसाच्या चुकीची खूण झाडाच्या अंगावर जन्मभर राहते. त्या कामाला शेतीतल्या इतर हंगामी कामांपेक्षा चांगली मजुरी मिळते, आणि मिळायलाच हवी. साल काढली की उघडं खोड आधी पिवळट-गुलाबी दिसतं, मग तांबूस होत जातं. त्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. २०१९ ला काढली असेल तर ९. पुढची पाळी कधी, ते लांबूनच कळतं.

पोर्तुगालमध्ये असं सुमारे ७ लाख हेक्टर रान आहे. खाली गवत, डुकरं ओकची फळं खातात, आयबेरियन लिंक्ससारखं दुर्मीळ रानमांजर अशा रानाच्या आश्रयाने राहतं. या रानाला किंमत येते ती मुख्यतः बाटलीच्या बुचांमुळे. बुचं पंच करून उरलेल्या सालीचा भुगा होतो, त्याची आमची गॅस्केट होते, भिंतींवरची शीट होते, चपलांचे तळवे होतात आणि तुमची मूठ होते. त्यासाठी कुणी वेगळं झाड सोललेलं नसतं. म्हणून हे कॉर्क वापरणं मला मनापासून पटतं.

बोटीचं म्हणाल तर ती न्हावाशेवाला लागते, ट्रकने तासा-दीड तासाची वाट. आमचा माल तिथूनच यायचा. समुद्रातून एका मुठीएवढं हलकं सामान आणायला लागणारं इंधन फार थोडं. लेकीने खरं बघावं ते बाकीच्या काठीकडे. मुठीतलं कॉर्क काही ग्रॅम. काठीचा दांडा ॲल्युमिनियमचा, आणि खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला प्रचंड वीज लागते. गाभा प्लास्टिक, टोक टंगस्टन कार्बाइड. दुकानदाराने तुम्हाला ही सगळी काठी टाकायला सांगितली, तीही कॉर्कच्या चार ग्रॅमसाठी. झाड साल भरून काढायला ९ वर्षं घेतं, आपण दोन वर्षांत मूठ टाकतो. ही गोष्ट मला खटकते, बोट नाही.

ऐरोली_ते_आहुपे

काका, जबरदस्त माहिती. एक विचारतो. कॉर्कची योगा मॅट मिळते, ती तंबूत झोपायला चालेल का? मग पुरती नैसर्गिक किट होईल.

पंच_आणि_डाय

नको. वजनाचा हिशेब करा. १८० बाय ६० सेंटिमीटर, जाडी १ सेंटिमीटर, म्हणजे १०,८०० घन सेंटिमीटर. नुसतं कॉर्क धरलं तरी घन सेंटिमीटरला ०.१५ ते ०.२ ग्रॅम, म्हणजे दीड-दोन किलो. योगा मॅटला खाली रबर असतं, ती आणखी जड. बंद पेशींच्या फोमची तेवढीच चटई तीनशे-साडेतीनशे ग्रॅममध्ये होते. आहुप्याचा चढ पाठीवर दोन किलो जास्त घेऊन चढायची गरज नाही. कॉर्क तिथे वापरावं जिथे ते थोडंसंच लागतं आणि कातडीला टेकतं. मूठ, बुटातला तळवा, थर्मासचं बूच. बाकी ठिकाणी फोम आपलं काम चोख करतो, घाटवेडांचं म्हणणं तिथे खरं आहे.

आता खारेगावच्या ताई, दुरुस्ती.

आधी साफसफाई. कोमट पाण्यात दोन थेंब साबण, जुना टूथब्रश, हलक्या हाताने. मूठ बुडवायची नाही. मग फडक्याने टिपून सावलीत, वारा लागेल अशी उलटी टांगायची. गॅलरीत दोन दिवस, पाऊस असेल तर पंख्याखाली. ठिपके राहिले तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसतं फुंकर घातल्यासारखं घासा, वरचा चकाकणारा मळाचा थर निघाला की पुरे.

खड्ड्याच्या कडा नखाने खरवडत जा. दाणे सुटायचे थांबतील तिथे थांबा. खड्डा मोठा झाला तरी घाबरू नका. मऊ पडलेला बाइंडर आत राहिला तर नवा गोंद त्याला धरणार नाही. मग स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसून वाळू द्या.

भरायला कॉर्कचा भुगा लागेल. विकत आणू नका. तुमच्या आसपास बॅडमिंटनचा हॉल असेल तिथे संध्याकाळी जा, तुटक्या पिसांच्या शटलचा ढीग टाकलेला असतो. त्या शटलचं डोकं कॉर्कचं. १६ पिसं उपटा, वरचं पातळ पांढरं कातडं सोला, आणि डोकं कानशीवर घासा. चांगल्या प्रतीच्या शटलला सलग कॉर्क असतं, त्याचा भुगा मऊ पिठासारखा निघतो. थोडा जाडसर, थोडा बारीक असा मिसळा, म्हणजे मुठीच्या रंगाशी जुळेल.

गोंद पाण्याला टिकणारा लाकडाचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मरीन म्हणून मागा. साधा पांढरा गोंद पहिल्याच पावसात विरघळेल. भुगा जास्त, गोंद कमी. भाकरीच्या पिठासारखं घट्ट झालं पाहिजे. खड्ड्यात दाबून भरा, पृष्ठभागापेक्षा थोडं वरच ठेवा, कारण वाळताना बसतं. वर बटर पेपर, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. दोन दिवस हात लावायचा नाही, हवा दमट असेल तर तीन. मग २२० आणि शेवटी ४०० ने घासून सपाट करा.

वर वॉर्निश काही मारू नका. वॉर्निश मारलं की कॉर्कची पकड जाते आणि ओल्या हातात मूठ सरकते. उतारावर तुमचा गुडघा त्या पकडीच्या भरवशावर असतो.

आणि स्प्रे डाव्या हाताच्या मागच्या बाजूने लावायला शिका, तळहात कोरडे ठेवून.

खारेगावची_भटकी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले.

कळव्यातल्या हॉलमध्ये गेले तर तिथल्या मुलाने पूर्ण पिशवीभर शटल दिली, म्हणाला रोज झाडून टाकतो. लेकीने सहा डोकी घासली. घासताना लाकडासारखा, किंचित गोडसर वास येतो, काकांच्या भुवयांची आठवण झाली. दुकानातल्या माणसाने आधी साधाच गोंद दिला होता, डबा परत करून मरीन आणला.

खरवडताना खड्डा डाळीचा वाटाण्याएवढा झाला तेव्हा धाकधूक झाली. मग दाणे सुटायचे थांबले, अगदी काकांनी लिहिल्याप्रमाणे. पहिला लेप मी सैल केला होता, तो वाळून मध्ये खोलगट बसला. दुसऱ्यांदा घट्ट मळून भरला, तो जमला. पॅच बाकी मुठीपेक्षा एक छटा गडद आहे, पण डोळे मिटून बोट फिरवलं तर कड लागत नाही.

काल मुंब्रा देवीच्या पायऱ्या चढले-उतरले. पाऊस होता. उतरताना सगळा भार त्याच अंगठ्याच्या बेचक्यावर येतो. खाली आल्यावर पहिल्यांदा तिथेच नख लावून पाहिलं. एकही दाणा सुटला नाही. काठ्या आता माळ्यावर जात नाहीत, दारामागच्या खिळ्याला मुठी खाली करून लटकवल्यात, पिशवीशिवाय.

लेकीने दोन्ही मुठींच्या वर, प्लास्टिकच्या टोपीवर, पांढऱ्या नेलपॉलिशने यंदाच्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहिला आहे. पुढच्या वेळी दुरुस्तीला किती वर्षांनी काढली ते कळावं म्हणून.

काका, शटलची चाळीसेक डोकी उरली आहेत. मैत्रिणीच्या चपलांचा कॉर्कचा तळवा टाचेपाशी चिरला आहे. हाच लेप तिथे चालेल की पायाच्या वजनाने तडकेल?

पंच_आणि_डाय

हा लेप तडकेल. टाचेखालचा तळवा दर पावलाला दबतो आणि हा गोंद वाळल्यावर कडक होतो. तिथे भुगा लॅटेक्सच्या, रबरासारख्या ताणणाऱ्या गोंदात कालवा, आणि चीर आधी ब्लेडने थोडी उघडी करून घ्या. चपला उन्हात किंवा गाडीत ठेवत असतील तर ते बंद करायला सांगा, चिरा बहुधा त्यानेच पडतात. पॅचचा आणि चपलेच्या कडेचा फोटो टाका, जाडी बघून सांगतो.